आवाज कोठे बिघडतो?

बेळ्ळंदूरच्या माझ्या बिऱ्हाडात खिडकीशी एक जुना रेडिओ-संच ठेवलेला आहे. तो कोणत्याही कारखान्यात तयार झालेला नाही. माझ्या थोरल्या काकांनी तारखात्यातील नोकरी सांभाळून, बेळगावच्या घरी माडीवर बसून, १९६० नंतरच्या दशकात तो स्वतः जुळविला. सांगाडा पत्रा कापून घरीच केलेला, काही भाग पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले, आणि खोका सुताराकडून करून घेतलेला. काका हौशी रेडिओचे भक्त होते. रात्री जेवणे आटोपली की कानाला श्रवणयंत्र लावून ते जगभरच्या हौशी मंडळींची बोलणी ऐकत आणि एका वहीत टिपून ठेवीत. ते गेल्यावर संच आणि वही ही दोन्ही माझ्याकडे आली. मी सरकारी नोकर. इतिहास विषय घेऊन एम. ए. झालेला. यंत्रांपेक्षा दप्तरांशी माझा परिचय अधिक.

संच लावला की पहिली दहा मिनिटे आवाज स्वच्छ येई. मग तो हळूहळू फाटू लागे. निवेदकाचा 'स' घासल्यासारखा होई, तंबोरा किनरा वाटे, आणि अर्ध्या तासात सारे बोलणे जणू तोंडावर कागद धरून कोणी बोलत आहे असे होऊन जाई. एका दुरुस्तीवाल्याने ध्वनिक्षेपक बदलून दिला. पैसे गेले, दोष तसाच राहिला. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. आवाज जेथून बाहेर पडतो तेथेच तो बिघडला असणार, असे कोणालाही वाटते. परंतु ही समजूत बहुधा चुकीची असते, हे मला काकांच्या वहीने शिकविले. आणि ती समजूत दूर व्हावयास जगाला किती काळ लागला, हे नंतर इतिहासाने शिकविले. आज मी सांगणार आहे ती त्या इतिहासाचीच हकीकत.

रेडिओ-संच म्हणजे पायऱ्यांची एक माळ असते. आकाशातारेवर येणारी लहर अत्यंत क्षीण असते. एक पायरी तिला निवडून घेते, दुसरी तिची कंप्रता बदलते, तिसरी तिला वाढविते, चौथी तिच्या पाठीवरचे बोलणे उतरवून घेते, पाचवी त्या बोलण्याला बळ देते, आणि शेवटी ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू हवा हालवितो. यांपैकी प्रत्येक पायरी आपल्याला मिळालेले पुढे पाठविते. मिळालेले खरे की खोटे हे ती पाहात नाही. तिसऱ्या पायरीवर आवाजाचा आकार बिघडला, तर चौथी आणि पाचवी तो बिघाड इमानाने मोठा करून पुढे देतात. खरखर आणि विकृती यांतला भेदही येथेच कळतो. खरखर ही बाहेरून येऊन आवाजात मिसळते. विकृती ही आवाजाच्याच अंगात शिरते. खरखरीतून माणूस अर्थ काढू शकतो. विकृत झालेला आवाज मात्र मोठा करावा तितका अधिक खोटा होतो.

प्रारंभीच्या काळात या खोटेपणाची कोणालाच चिंता नव्हती, कारण तेव्हा प्रश्न ऐकू येण्याचाच होता. १९१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एडविन आर्मस्ट्राँग या विद्यार्थ्याने एक चमत्कार केला. व्हॉल्व्हमधून वाढून बाहेर आलेल्या लहरीचा थोडा भाग त्याने पुन्हा त्याच व्हॉल्व्हच्या तोंडाशी नेऊन सोडला. वाढलेले पुन्हा वाढले, ते पुन्हा परत आले, आणि एका व्हॉल्व्हने अनेक व्हॉल्व्हांचे काम केले. गरीब हौशी माणसाला याहून मोठे वरदान मिळावयाचे नव्हते. परंतु या वरदानाला एक शाप जडलेला होता. परत सोडावयाचा भाग किंचित अधिक झाला की संच स्वतःच किंचाळू लागे. इतकेच नव्हे, तर ती किंचाळी त्याच्या आकाशातारेवरून बाहेर पडून शेजाऱ्यांच्या संचांतही शिरे. स्वतःचाच आवाज पुनःपुन्हा ऐकून फुगणारा माणूस शेवटी काय करतो, याचे हे यांत्रिक प्रात्यक्षिक होते.

पण या हौशी मंडळींनी जगाला जे दिले ते विसरता येणार नाही. दोनशे मीटरखालच्या लहरी व्यापाराच्या दृष्टीने निरुपयोगी समजून त्या काळच्या जाणत्यांनी हौशी लोकांकडे ढकलल्या होत्या. १९२१ च्या डिसेंबरात पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे समुद्रकाठी तंबू ठोकून बसला आणि त्याने अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. त्याच्यापाशी आर्मस्ट्राँगच्याच १९१८ सालच्या नव्या रचनेचा, म्हणजे सुपरहेटरोडाइन पद्धतीचा संच होता. काकांच्या संचाची, आणि त्यानंतर घरोघरी गेलेल्या बहुतेक सर्व संचांची, हीच कुळी होय.

पुढे १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधील फ्रँक बेल या हौशी गृहस्थाशी थेट संभाषण साधले. पृथ्वीच्या दोन टोकांची ही पहिली दुतर्फी रेडिओभेट होती, आणि ती एका शाळकरी मुलाने घडविली. या मुलाचे नाव आपण लक्षात ठेवावे, कारण बारा वर्षांनी तोच आपल्या देशात आला. १९३६ साली ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंते म्हणून सेसिल गॉयडर नियुक्त झाले. एवढ्या विस्तीर्ण देशाला मध्यम लहरींनी झाकणे खर्चाचे होते. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे लघुलहरींचे प्रक्षेपक उभे राहिले. कोणे एके काळी हौशी लोकांपुढे टाकलेला तुकडा अशा रीतीने देशाच्या नभोवाणीचा कणा झाला.

आपल्याकडेही नभोवाणीचा जन्म हौशी मंडळींच्याच अंगणात झाला आहे. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबने आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. १९२४ साली मद्रासच्या क्लबने त्यांचा कित्ता गिरविला. बंगळुराच्या शेजारी म्हैसुरात मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरात एक लहानसे केंद्र चालू केले. त्या केंद्राचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे साऱ्या देशाने उचलले, आणि १९५५ साली ते केंद्र बंगळुरास आले.

आता १९२७ या वर्षाकडे वळू; माझ्या मते या हकीकतीचा मध्य तेथे आहे. त्या वर्षी २३ जुलै रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. एका केंद्राचा आवाज असंख्य कानांपर्यंत नेण्याचा व्यवस्थित उद्योग आपल्याकडे त्या दिवशी सुरू झाला. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, २ ऑगस्ट १९२७ रोजी, हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता न्यूयॉर्कला कामावर जाण्यासाठी हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत बसला होता. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत त्याच्यापुढे एकच प्रश्न अनेक वर्षे उभा होता. दूरच्या टेलिफोन तारेवर ठिकठिकाणी आवाज वाढविणारी यंत्रे बसवावी लागत, आणि प्रत्येक यंत्र आपल्या वाट्याची थोडी विकृती आवाजात घाली. एका यंत्राची विकृती कोणाच्या लक्षात येत नसे. पण यंत्रांची माळ लांबली की पलीकडे पोहोचणारा आवाज ओळखू येईनासा होई. यंत्रे अधिक निर्दोष करण्याचे सर्व प्रयत्न थकले होते.

नावेत त्याला जे सुचले ते त्याने हातातील वृत्तपत्राच्या पानावरच लिहून काढले. आर्मस्ट्राँगप्रमाणेच बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग परत तोंडाशी आणावयाचा. मात्र तो उलटा करून आणावयाचा. म्हणजे काय होईल? मूळ आवाज आणि बाहेर पडलेला आवाज यांची तेथे गाठ पडेल, आणि यंत्राने पदरचे जे मिसळले असेल ते उलट्या रूपाने परत येऊन त्याचे त्यालाच खोडून काढील. यालाच पुढे ऋण फीडबॅक असे नाव मिळाले. याची किंमत मात्र द्यावी लागते. आवाजाची जी वाढ कष्टाने मिळविली, तिचा मोठा भाग सोडून द्यावा लागतो. ही देवघेव इतकी विपरीत वाटली की ब्लॅकला अमेरिकन पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडले. मोठेपणा मिळविण्यासाठी यंत्र करावयाचे आणि मग खरेपणासाठी तो मोठेपणा आपण होऊन टाकावयाचा, हे शहाण्यासुरत्यांना पटेना.

काकांच्या संचात ही ऋण फीडबॅकची तार आहे. ध्वनिक्षेपकाला जोडलेल्या रोहित्रापासून निघून ती आधीच्या पायरीकडे परत जाते. वहीत तिच्याविषयी एक गंमतीची नोंद सापडते: 'तार जोडली, संच ओरडू लागला. रोहित्राची दोन टोके उलटी झाली होती. अदलाबदल केली, शांत.' तार एकच. परंतु ती सुलट जोडली तर किंचाळी आणि उलट जोडली तर सत्य. १९१२ आणि १९२७ या दोन शोधांमधील सारे अंतर या एका ओळीत आले आहे.

मी सरकारी नोकर असल्यामुळे येथे थोडे थांबून एक गोष्ट बोलणे मला भाग वाटते. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थान सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले आणि प्रक्षेपक ताब्यात घेतले. युद्धकाळात असे निर्बंध अन्य देशांनीही घातले होते. पण आपल्याकडे त्याचा अर्थ निराळा होता. सरकारचा आवाज गावोगाव पोहोचत होता आणि लोकांचा आवाज सरकारपर्यंत परत नेणारी तार मात्र तोडली गेली होती. १९४२ च्या ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, आणि २७ ऑगस्टला मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा गुप्त आवाज उमटला. चालविणाऱ्यांत बावीस वर्षांच्या उषा मेहता होत्या. जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत टिकले. त्या दिवशी पोलिसांनी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्यास येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ते केंद्र शक्तीने दुबळे होते. पण सरकारी निवेदन आणि देशातील वस्तुस्थिती यांची गाठ घालून देणारा तो उलटा आवाज होता. तो ऐकून घेण्याऐवजी सरकारने तो बंद पाडला. पाच वर्षांत त्या सरकारचे काय झाले, ते सर्वश्रुत आहे.

युद्धानंतर हौशी मंडळी पुन्हा एकत्र आली. १९४८ साली मध्य भारतात महू येथे, लष्कराच्या संदेशवहन शाळेच्या आश्रयाने, त्यांचा क्लब निघाला आणि १९५४ साली त्याचेच अखिल भारतीय संस्थेत रूपांतर झाले. त्याच १९५४ साली बंगळुराजवळ जालहळ्ळीस भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६१ पासून तेथे रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. १९५९ साली बंगळुराचा हौशी रेडिओ क्लब अस्तित्वात आला. काकांच्या संचात आजही जालहळ्ळीचे व्हॉल्व्ह तेवत आहेत. बेळगावास गेलेले ते व्हॉल्व्ह साठ वर्षांनी पुन्हा बंगळुरास परतले, असे म्हणावयास हरकत नाही.

एवढा इतिहास वाचून झाल्यावर एका रविवारी मी वही समोर घेऊन संच उघडला. वहीतील पहिला नियम असा: संचाला हात लावण्यापूर्वी दोष संचात आहे याची खात्री करून घ्या. लघुलहरी आकाशातील विद्युत्भारित थरांवरून परावर्तित होऊन येतात. एकाच लहरीचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वाटांनी येऊन एकमेकांस मारतात, आणि तेवढ्यापुरता आवाज विकृत होतो. तो आकाशाचा दोष; त्याला औषध नाही. तसेच आजचे हौशी लोक बहुधा एकपट्टी पद्धतीने बोलतात. तिच्यात वाहक लहर गाळलेली असते. साध्या रीतीने ऐकल्यास ते बोलणे बदकांच्या कलकलाटासारखे लागते. संचातला लहान आंदोलक चालू करून ती गाळलेली लहर जागेवर आणून द्यावी, की माणसे बोलू लागतात. तेथे दोष ऐकणाराच्या अज्ञानाचा असतो. माझ्या संचाचा दोष जवळच्या मध्यम लहरींच्या केंद्रावरही येत होता आणि संच तापल्यावरच येत होता. तेव्हा आकाश निर्दोष ठरले.

दुसरा नियम: शेवटच्या पायरीपासून मागे चला, आणि प्रत्येक पायरीला विचारा की तुला काय मिळाले. जोरकस केंद्रच फाटत असेल आणि दुबळे स्वच्छ येत असेल, तर अलीकडच्या पायऱ्यांना ओझे सोसवत नाही असे समजावे. सर्वच केंद्रे सारखी फाटत असतील तर दोष बोलणे उतरवून घेतल्यानंतरच्या पायऱ्यांत शोधावा. माझ्याकडे सर्वच फाटत होती. शेवटचा व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा अधिक तापत होता, हेही ध्यानात आले. संच चालू ठेवून, एक हात पाठीमागे बांधल्यासारखा दूर ठेवून, मी त्या व्हॉल्व्हच्या नियंत्रक जाळीवरचा दाब मोजला. तेथे शून्य असावयास हवे होते. प्रारंभी शून्यच होते. पंधरा मिनिटांनी मीटरने सुमारे चार व्होल्ट दाखविले, आणि तेही धन.

आता संशय दोघांवर होता: खुद्द व्हॉल्व्ह, अथवा आधीच्या पायरीपासून त्याच्याकडे आवाज नेणारा कागदी कंडेन्सर. या कंडेन्सराचे काम द्वारपालाचे असते. आवाजाला त्याने आत सोडावयाचे आणि मागच्या पायरीवरचा शंभरएक व्होल्टांचा स्थिर दाब बाहेर अडवावयाचा. संच बंद करून, साठलेली वीज उतरवून, मी त्याचे एक टोक सोडविले आणि पुन्हा मोजले. संच तापला तरी मीटर शून्यावरच राहिला. व्हॉल्व्ह निर्दोष होता. साठ वर्षांच्या चाकरीने द्वारपाल म्हातारा झाला होता. ऊब लागली की त्याची पकड सैल होई, नको तो दाब आत शिरे, आणि बिचारा शेवटचा व्हॉल्व्ह भलत्या जागी ढकलला जाऊन आवाजाचा एक अंग कापून टाकी. ध्वनिक्षेपक बदलून काय उपयोग होणार होता? ऋण फीडबॅकची तार होती, पण तिलाही मर्यादा आहेत. पायरीचा लहानसहान दोष ती सुधारते. पायरीच कोसळली तर ती काही करू शकत नाही. काही रुपयांचा नवा कंडेन्सर बसविला आणि तंबोरा पुन्हा तंबोऱ्यासारखा वाजू लागला.

त्या संध्याकाळी संच लावून मी खिडकीत उभा होतो. बेळ्ळंदूरचे तळे हे बंगळुरातील सर्वांत मोठे तळे. त्याच्या उत्तरेस जुना विमानतळ आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली जो विमानांचा कारखाना काढला, त्याचाच तो परिसर. पूर्वी या शहराची तळी एकमेकांशी ओळीने जोडलेली होती. वरचे भरले की पाणी खालच्यात येई. बेळ्ळंदूर या माळेच्या शेवटाकडे आहे. त्याचे पाणी पुढे वर्तूरच्या तळ्यात जाते. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे याच वाटेने येत गेले. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१८ च्या जानेवारीत या तळ्याला आग लागली, आणि पाणी पेटलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तेव्हा सर्वांनी बेळ्ळंदूरकडे बोट दाखविले. पण बेळ्ळंदूर हा केवळ शेवटचा ध्वनिक्षेपक होता. दोष वरच्या पायऱ्यांचा; तो ऐकू आला तो येथे.

वीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक अहवाल वर पाठविले आहेत आणि अनेक आदेश खाली उतरविले आहेत. प्रत्येक पायरीवर एखादा शब्द सौम्य होतो, एखादा आकडा गोल होतो, आणि कोणीही लबाडी केलेली नसताना शेवटी जे पोहोचते ते मूळ राहात नाही. ज्याच्यापुढे नागरिक संतापाने उभा राहतो तो खिडकीवरचा कारकून बहुधा शेवटचा व्हॉल्व्ह असतो. त्याला बदलणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत निरुपयोगी. मागे चालत जाऊन प्रत्येक पायरीला 'तुला काय मिळाले?' असे विचारण्याचा कंटाळा आपल्याला असतो. आणि खालून परत येणारा उलटा आवाज ऐकून घ्यावयाचा, तर थोडा मोठेपणा सोडावा लागतो.

काकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख नसलेली एक नोंद आहे. त्यांच्या बारीक, तिरप्या अक्षरांत ती अशी: 'आवाज बिघडला तर आधी तो कमी करून पाहा.'

मी तेव्हापासून संच हळू आवाजात लावतो. स्पष्ट ऐकू येते.